खत थांबवल्यावर सावरलेली बाग: गच्चीवरच्या वाफ्यांचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चार मजली इमारतीच्या गच्चीवर तीन कुटुंबं मिळून भाजी पिकवत होती. एका निवृत्त शिक्षिकेने सुरुवात केली, मग शेजारचं तरुण जोडपं आलं आणि वर्षभरात तळमजल्यावरचं दोन मुलांचं घर सामील झालं. वाफे म्हणजे प्लास्टिकची १८ खोकी. प्रत्येकाचं क्षेत्र अर्धा चौरस मीटर, खोली ३० सेंटिमीटर, एकूण लागवड ९ चौरस मीटर. ऊन चांगलं होतं. दोन कोपरे सोडले तर सगळीकडे दिवसातले सहा तास थेट प्रकाश मिळायचा.

त्यांना नुसती भाजी नको होती, माती घडवायची होती. पुनरुज्जीवक बागकामाची तत्त्वं तिघांनीही मनापासून वाचली होती: माती उकरायची नाही, ती उघडी ठेवायची नाही, घरातला ओला कचरा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बाहेरून काही विकत आणायचं नाही. कंपोस्टचे दोन पिंप आणि गांडूळखताचा एक डबा वर्षभर चालू असायचा. ११ माणसांच्या स्वयंपाकघरांतून वर्षाकाठी साडेचारशे लिटरच्या आसपास खत तयार व्हायचं आणि ते सगळं वाफ्यांत जायचं.

पाण्याच्या बाबतीतही ही मंडळी काटेकोर. खोक्यांच्या बुडाशी पाण्याचा साठा ठेवलेला होता आणि पाणी वातीतून आपोआप वर चढायचं. एक थेंबही वाया जात नसे. पावसात माती धुपू नये म्हणून वर पारदर्शक पत्र्यांचं छप्पर होतं. खोक्यांत सुरुवातीला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं भरलं होतं. खरी माती जवळजवळ नव्हती, कारण ती जड.

पहिली दोन वर्षं बाग उत्तम चालली. मला सल्ल्यासाठी बोलावलं तेव्हा तिसरं वर्ष सुरू होतं.

अडचण

तक्रार एका वाक्यात सांगितली गेली: "माती थकली." घेवड्याचं बी उगवत नव्हतं. उगवलेली रोपं दोन पानांवर थबकत, पानांच्या कडा करपत. गाजर करंगळीएवढं राहायचं. टोमॅटोला फळ धरे, पण त्याच्या बुडाला काळा, बसका डाग पडे. पाणी भरपूर असूनही दुपारी झाडं मान टाकत.

माती थकली असं समजल्यावर जे कुणीही करेल तेच त्यांनी केलं होतं. आणखी खत घातलं, गांडूळखताचा थर वाढवला. मुळांशी जोडून राहून त्यांना अन्न मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीची पूड आणून मुळांशी टाकली. केळीच्या सालींचं पाणी सुरू केलं. प्रत्येक उपायानंतर आठवडाभर बरं वाटे आणि मग झाडं पुन्हा खाली बसत.

शिक्षिकाबाईंनी ठेवलेली वही या सगळ्यात सर्वांत उपयोगी ठरली. कोणत्या खोक्यात काय लावलं, केव्हा लावलं, किती निघालं, सगळं त्यात होतं. वही चाळताना एक गोष्ट ठळक दिसली. बाग सरसकट बिघडलेली नव्हती. घेवडा, गाजर, मुळा आणि कांदा बसले होते. पालक बरा होता. बीट तर आधीपेक्षा जोमदार आलं होतं.

निदान

हा क्रम क्षारांचा क्रम आहे. पिकं खारटपणा सारख्या प्रमाणात सोसत नाहीत. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काची विद्युत वाहकता मोजून पिकांची सहनशीलता ठरवतात; विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी वाहकता जास्त. घेवडा आणि गाजर १ डेसिसिमेन्स प्रति मीटर या पातळीनंतर घसरू लागतात, मुळा आणि कांदा १.२ नंतर. पालक २ पर्यंत तग धरतो, टोमॅटो अडीचपर्यंत आणि बीट थेट ४ पर्यंत. उपाशी मातीत बीटही खुरटलं असतं. इथे बीट माजलं होतं आणि घेवडा मरत होता.

खात्रीसाठी साधी चाचणी केली. एक माप मिश्रण, दोन मापं डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं आणि वाहकता मोजणारं पेन बुडवायचं. या पद्धतीत, त्याच एककात, ०.७५ ते १.२५ हा आकडा भाजीला मानवतो आणि २.२५ च्या पुढे मुळांना पाणी ओढणं जड जातं. (वर दिलेले पिकांचे आकडे वेगळ्या अर्काचे आहेत. दोन्हींची थेट तुलना करू नये. बरेच जण करतात आणि गोंधळतात.) बहुतेक खोक्यांत आकडा २.५ ते ३ निघाला. वरच्या दोन सेंटिमीटरांत तर त्याहून बराच जास्त. तिथे पांढरी पापडी उघड दिसत होती. ती बुरशी आहे असं इतके दिवस सगळे समजत होते.

म्हणजे माती उपाशी नव्हती, तिला अजीर्ण झालं होतं.

हे घडलं कसं, यावर मी जरा थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. या मंडळींची एकही कृती स्वतंत्रपणे पाहता चुकीची नव्हती. पण ती तत्त्वं जमिनीसाठी आहेत. जमिनीला बूड नसतं, पाऊस जादाचं खाली घेऊन जातो. खोक्याला बूड असतं.

कोकोपीट आणि कंपोस्ट दोन्ही सेंद्रिय. सूक्ष्मजीव ते खात राहतात, कार्बन वायू होऊन हवेत जातो आणि खोक्यातली पातळी दर हंगामात काही सेंटिमीटर खाली बसते. ती रिकामी जागा ही मंडळी पुन्हा कंपोस्टने भरत. कार्बन उडून जातो, पण पोटॅश, सोडियम आणि स्फुरद (फॉस्फरस) जागच्या जागी राहतात. असं वर्षानुवर्षं केलं की खोक्यातला माल तेवढाच दिसतो, मात्र त्यातले क्षार साठत जातात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पोटॅश मुळातच भरपूर असतं, आणि इथल्या पिंपांत शिजवलेलं उरलंसुरलंही जात होतं, म्हणजे मीठही.

दुसरा वाटा पाण्याचा. नळाच्या पाण्याची वाहकता ०.६ होती. पिण्याला अगदी योग्य पाणी. पण अशा एका लिटरमध्ये साधारण ०.४ ग्रॅम विरघळलेले क्षार असतात. चौरस मीटरला रोज ५ लिटर पाणी धरलं तर वर्षाला ७०० ग्रॅम. पाणी खालून वर चढतं, पृष्ठभागावरून उडून जातं, क्षार वर राहतात. बाहेर पडायला वाट नाही, कारण थेंब वाया घालवायचा नाही असं ठरलेलं. वरून धुऊन काढणारा पाऊस छपराने अडवलेला.

टोमॅटोच्या बुडाचा डागही यातच बसतो. तो कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्याने पडतो. कॅल्शियम पाण्याबरोबर वाहतं. क्षारांमुळे मुळांची पाणी ओढण्याची ताकद घटली, शिवाय पोटॅशचा भार कॅल्शियमच्या आड आला. मायकोरायझाच्या पुडीचा उपयोग का झाला नाही, तेही प्रयोगशाळेच्या माती परीक्षणातून कळलं. स्फुरद खूप जास्त होतं. स्फुरद मुबलक असलं की झाड या बुरशीशी भागीदारी करायला फारसं उत्सुक नसतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: सगळं मिश्रण काढून नवं भरायचं. तरुण जोडप्याचा कल इकडे होता. आठवड्यात बाग उभी राहिली असती. पण अडीच हजार लिटरहून अधिक माल खाली उतरवून तेवढाच वर चढवायचा, आणि सवयी त्याच राहिल्या तर दोन वर्षांनी पुन्हा इथेच यायचं.

दुसरा: नळाच्या पाण्याने खोकी धुऊन काढायची. क्षारयुक्त मातीसाठी एक ढोबळ नियम वापरतात. मातीच्या खोलीइतका पाण्याचा स्तंभ तिच्यातून गेला तर सुमारे ८० टक्के क्षार जातात, निम्म्या खोलीइतका गेला तर सुमारे निम्मे. ३० सेंटिमीटर खोलीसाठी चौरस मीटरला ३०० लिटर, म्हणजे सगळ्या बागेला २,७०० लिटर. एवढं पिण्याचं पाणी गच्चीवर ओतायचं हे कुणालाच पटलं नाही, मलाही नाही.

तिसरा: काहीच न काढता क्षार सोसणारी पिकंच लावायची. बीट आणि पालक खात राहायचं. हा पर्याय ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण तो काही काळ पूल म्हणून वापरता येतो, हे मी आग्रहाने मांडलं.

चौथा, हळू चालणारा: खत थांबवायचं, छप्पर उतरवून पावसाला धुवू द्यायचं, क्षार सोसणारी आच्छादन पिकं (खाण्यासाठी नव्हे, माती झाकायला आणि सुधारायला लावलेली) लावून त्यांचा हिरवा पाला बाहेर काढायचा, आणि बसलेली पातळी कंपोस्टऐवजी खनिज मालाने भरायची, म्हणजे जी कधी कुजत नाही आणि बसतही नाही अशा वस्तूने.

निर्णयाचे तीन अवघड क्षण

चौथ्या पर्यायावर एकमत झालं, पण ते सहज झालं नाही.

खताचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. शिक्षिकाबाईंनी दोन वर्षं रोज सकाळी पिंप हलवले होते. "इतकं जमवलं, ते आता विष म्हणायचं का?" असं त्यांनी विचारलं. ते विष नव्हतंच. खत उत्तम होतं, जागा अपुरी होती. आम्ही आकडे मांडले. पिकामागे एक सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला १० लिटर. वर्षाला दोन वेळा घातलं तरी ९ चौरस मीटरची बाग १८० लिटर घेते. खत तयार होत होतं साडेचारशे. निम्म्याहून अधिक खताला या बागेत जागाच नाही. ११ माणसांचं स्वयंपाकघर ९ चौरस मीटरवर रिचत नाही, हे गणित वाफे भरण्याआधी कुणी केलं नव्हतं. शहरातल्या छोट्या बागांत ते फारसं कुणी करत नाही. "घरातला कचरा घरात जिरवा" हे वाक्य इतकं सुंदर आहे की त्यातलं माप तपासायचं राहून जातं.

त्यावर ठरलं ते असं: कचरा कुजवणं चालू ठेवायचं, पण तयार खत इमारतीभोवतीच्या जमिनीतल्या झाडांना पातळ थरात द्यायचं. तिथे बूड नाही. शिजवलेलं अन्न पिंपात टाकणं बंद.

दुसरा क्षण पाला कापण्याचा. आच्छादन पीक कापून जागीच पसरायचं, हा पुनरुज्जीवक बागकामाचा जवळजवळ पहिला धडा. इथे मी उलट सुचवलं: पहिल्या वर्षी कापलेलं सगळं बाहेर न्यायचं. ज्वारीचा हिरवा चारा पोटॅश भरपूर उचलतो. तो जागीच टाकला तर पोटॅश पुन्हा वाफ्यात जातं. तरुण जोडप्यातल्या तिला हे फार खटकलं. तिचं म्हणणं असं की आपण मातीतून नुसतं काढतोय आणि परत काहीच देत नाही. तिचा आक्षेप योग्य होता, म्हणून मधला मार्ग निघाला. पाला बाहेर, मुळं आत. झाड उपटायचं नाही, जमिनीलगत कापायचं. मुळं कुजून पोकळ वाटा तयार होतात, पाणी आणि हवा तिथून उतरतात, आणि मातीतल्या जीवांचं खाणं बंद पडत नाही.

तिसरा क्षण वजनाचा. खनिज माल घालायचा म्हणजे भार वाढणार. ओलं, हलकं मिश्रणही लिटरला साधारण एक किलो भरतं. ३० सेंटिमीटर खोलीला चौरस मीटरमागे ३०० किलो झाले. बऱ्याच देशांच्या बांधकाम नियमांत राहत्या मजल्यासाठी धरलेला भार चौरस मीटरला १५० ते २०० किलोच्या दरम्यान असतो. खोकी विखुरलेली असल्याने सरासरी कमी पडत होती, पण त्यावर विसंबायचं नव्हतं. संरचना अभियंत्याला बोलावलं. त्याने नकाशा पाहून सांगितलं, खोकी फक्त तुळयांच्या रेषेत आणि कठड्यालगत ठेवा, मध्ये काही नको, भराई २५ सेंटिमीटरच्या वर नको. त्यामुळे मध्यभागातली सहा खोकी हलवावी लागली आणि त्यांतली दोन कमी उन्हाच्या कोपऱ्यात गेली.

प्रत्यक्ष काय केलं

पावसाआधी प्रत्येक खोक्यातला वरचा अडीच-तीन सेंटिमीटरचा थर खरवडला. क्षार सर्वांत दाट तिथेच होते. तो थर खाली मोठ्या झाडांच्या घेरात विरळ पसरवला. बुडाच्या साठ्याची बुचं काढली, पाणी वरून द्यायला सुरुवात केली. दोन तृतीयांश छप्पर उतरवलं. उरलेलं टोमॅटोसाठी ठेवलं, कारण पानं सतत ओली राहिली की करपा येतो.

एक खोकं बाईंच्या आग्रहावरून मुद्दाम जसंच्या तसं ठेवलं: छपराखाली, बुडातून पाणी, वरून खत. "नाहीतर आपण केल्यामुळे झालं की पावसामुळे, हे कळणार कसं?" हा प्रश्न मला फार आवडला. सल्ला देणारा सहसा हे सुचवत नाही, कारण त्याला स्वतःच्या उपायाची घाई असते.

पहिल्या जोरदार पावसाने अडचण आणली. खोक्यांतून निघालेला बारीक गाळ गच्चीच्या मोरीच्या जाळीत अडकला आणि रात्रभर पाणी तुंबलं. वरच्या मजल्यावरच्या घरात छताला ओल दिसली. त्या घराचा बागेशी काही संबंध नव्हता आणि त्यांचा राग अगदी रास्त होता. दुसऱ्याच दिवशी काम हाती घेतलं. सगळी खोकी विटांवर उचलली, प्रत्येकीखाली पसरट टब ठेवला, टबच्या तोंडाशी जाळी आणि काथ्याची गाळणी बसवली. मोरी रोज तपासायची पाळी लावली. ओल आलेल्या भागाचं जलरोधक काम बागेच्या खर्चातून करून दिलं. तोपर्यंत धुण्याचं काम थांबवलं.

टबांचा आणखी एक फायदा झाला. धुऊन आलेलं पाणी चहाच्या रंगाचं आणि नत्राने (नायट्रोजनने) भरलेलं होतं. ते मोरीतून सोडून दिलं असतं तर ते पुढे नाल्यात आणि नदीत गेलं असतं. टबातलं पाणी चौपट पातळ करून जमिनीतल्या झाडांना दिलं. मोठ्या सरींत टब भरून वाहायचे, तेव्हा हे जमत नसे. तेवढं नत्र वाया गेलं, हे नोंदवायला हवं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. भराई आता २५ सेंटिमीटर होती, तेव्हा १२५ मिलिमीटर पाऊस खोक्यातून पार गेला की निम्मे क्षार निघायला हवेत, अशी आमची अपेक्षा होती. पेनने दर आठवड्याला मोजत गेलो. कोकोपीटची भराई नियमाच्या बरीच जवळ वागली.

पाऊस चालू असतानाच ज्वारी आणि चवळी दाट पेरली. चवळी निवडण्यामागे कारण होतं. शेंगावर्गातली असूनही ती घेवड्याच्या कितीतरी पट क्षार सोसते. तिच्या मुळांकडे आमचं विशेष लक्ष होतं. शेंगावर्गीय झाडं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतलं नत्र घेतात, हे हेलरीगल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केलं. पण मातीत नत्र आयतं मिळत असेल तर झाड गाठी करायच्या फंदात पडत नाही. आधीच्या घेवड्याच्या मुळांवर एकही गाठ नव्हती. पावसाच्या मध्यावर उपटून पाहिलेल्या चवळीला गाठी होत्या आणि नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग होता, म्हणजे त्या काम करत होत्या. साध्या डोळ्यांनी दिसणारी मातीची याहून चांगली चाचणी मला माहीत नाही.

पाऊस ओसरल्यावर पातळी भरून काढली. बागेची चाळलेली माती आणि प्युमिस, हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. तो वाळूपेक्षा बराच हलका असतो आणि कुजत नाही. शेवटी मिश्रणात सेंद्रिय भाग एक तृतीयांशच्या जवळ आला. वर सुक्या पानांचं चार-पाच सेंटिमीटर आच्छादन. पानं मिसळायची नाहीत, फक्त वर पसरायची. मिसळली तर ती कुजवायला सूक्ष्मजीव मातीतलं नत्र वापरतात आणि पिकाला कमी पडतं. वर असली तर हा परिणाम पातळ थरापुरता राहतो.

काय हाती लागलं

पावसानंतर धुतलेल्या खोक्यांत वाहकता १.१ ते १.३ वर आली. जसंच्या तसं ठेवलेलं खोकं २.९ वर होतं. बाईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. निम्मंच, कारण त्या खोक्यात पाऊस, खत आणि पाण्याची पद्धत तिन्ही वेगळी होती. कोणत्या गोष्टीचा किती वाटा, ते एका खोक्यावरून सांगता येत नाही.

घेवडा उगवला आणि फुलला. गाजरं हातभर नव्हे, पण खाण्याजोगी झाली. टोमॅटोच्या बुडाचे डाग पहिल्या तोडीत दिसले, नंतर थांबले. मात्र धुतल्यानंतरचा पहिला दीड महिना पालेभाज्या फिक्या पिवळ्या होत्या. क्षारांबरोबर नत्रही गेलं होतं. त्या काळात खत घालण्याचा मोह सगळ्यांना झाला. आम्ही फक्त पालकाच्या दोन खोक्यांना टबातलं पातळ पाणी दिलं, बाकीच्यांना चवळीच्या मुळांवर सोडलं. पालक लवकर सुधारला, बाकीची खोकी तीन आठवडे मागे राहिली, मग त्याच बरोबरीला आली. घाई नसेल तर दुसरा मार्ग, ताटात लवकर हवं असेल तर पहिला.

स्फुरद कमी झालं नाही. ते पाण्याबरोबर फारसं वाहत नाही, पिकं उचलतील तेवढंच हळूहळू जातं. त्याला वर्षं लागतील. खोक्यांची पातळी मात्र पुढच्या वर्षभरात पूर्वीच्या निम्म्यानेही बसली नाही, म्हणजे खतासाठीची रिकामी जागाच कमी झाली.

कमी उन्हाच्या कोपऱ्यात हलवलेली दोन खोकी कधीच रुळली नाहीत. तिथे फळभाजीचा हट्ट सोडून पालेभाज्या लावल्या. तळमजल्याचं कुटुंब वर्षाखेरीस बाहेर पडलं. भांडण नव्हतं. आठवडी मोजणी आणि मोरीच्या पाळ्या हे काम त्यांनी ठरवलेल्यापेक्षा जास्त झालं होतं. त्यांच्या खोक्यांपैकी चार वरच्या मजल्यावरच्या घराने घेतली, ज्यांच्या छताला ओल आली होती.

काय वेगळं करता आलं असतं

पेन आधी यायला हवं होतं. खत वाढवण्यापूर्वी एकदा मोजलं असतं तर पूर्ण हंगाम वाचला असता. वहीतला पिकांचा क्रम तर त्याआधीच सांगत होता. नवी छोटी बाग लावणाऱ्यांना मी आता एक गोष्ट आवर्जून सुचवतो. एका कोपऱ्यात दरवेळी घेवड्याच्या चार बिया टाका. घेवडा रुसला तर खत घालायच्या आधी मोजा.

मोरीचं काम पावसाआधी व्हायला हवं होतं. क्षार धुण्याच्या योजनेत निचरा हा पहिला मुद्दा असतो. इथे तो खोक्यापुरता पाहिला गेला, गच्चीचा पाहिला गेला नाही. अभियंत्याला बोलावलं तेव्हाच त्याला उताराबद्दलही विचारता आलं असतं.

तुलनेसाठी एकाऐवजी तीन खोकी ठेवायला हवी होती: एकात फक्त छप्पर काढायचं, एकात फक्त खत थांबवायचं, एक जसंच्या तसं. १८ पैकी तीन देणं जड गेलं असतं हे खरं, पण मिळालेलं उत्तर मग पुढच्या बागेला वापरता आलं असतं.

रोपांसाठी दोन खोकी नव्या मिश्रणाने भरावीत, असं तरुण जोडप्याचं सुरुवातीपासूनचं मत होतं. सगळं बदलायचं नाही या भरात ते बाजूला पडलं. आज विचार करता ते बरोबर होतं. कोवळी रोपं क्षार सर्वांत कमी सोसतात. दोन खोक्यांचा नवा माल आणला असता तर पावसानंतर लावायला तयार रोपं हाताशी असती, आणि बाहेरून काही न आणण्याच्या तत्त्वाला त्याने फारसा धक्का बसला नसता.

एका प्रश्नावर आमचं अजून एकमत नाही. कडक उन्हाळ्यात वरून दिलेलं पाणी दुपारपर्यंत पुरत नाही, आणि बुडाचा साठा तेव्हा खरोखर झाडं जगवतो. बाईंना तो कायमचा बंद हवा आहे. जोडप्याच्या मते उन्हाळ्याचे तेवढे आठवडे चालू ठेवावा आणि दर पंधरवड्याला एकदा, टब भरेपर्यंत, वरून पाणी घालावं. येत्या उन्हाळ्यात निम्मी खोकी एका पद्धतीने आणि निम्मी दुसऱ्या पद्धतीने चालवायची असं ठरलं आहे. या वेळी दोन्हीकडे खत सारखंच, पिकामागे एक सेंटिमीटर.